आवाजाचा पत्ता

नव्या घराची ओळख मला रात्रीच होते. दिवसा कोणीतरी ते दाखवत असतं. हे कपाट, हा नळ गरम पाण्याचा, हे बटण बाहेरच्या दिव्याचं. रात्री सगळे झोपले की घर स्वतः बोलू लागतं. न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे आम्ही पानगळीत पोचलो. शरीर अजून पुण्याच्या घड्याळावर चालत होतं, त्यामुळे मध्यरात्रीनंतर माझा डोळा लागत नसे. पडल्या पडल्या मी एकेक आवाज ओळखून ठेवत होते. फ्रिजची घरघर. जमिनीतल्या जाळ्यांमधून येणाऱ्या गरम हवेचा सुस्कारा. थंडीनं लाकूड आक्रसताना भिंतीतून येणारा ‘कट्’. लांबून जाणारी आगगाडी. आणि ह्या सगळ्याच्या वर, अगदी बारीक, एकदाच: टीं.

एकदाच, म्हणून त्यावर विश्वास बसत नाही. उठून बसावं, कान टवकारावेत, तर काहीच नाही. पुन्हा पडावं, डोळे मिटावेत, तोच टीं. मध्ये जवळजवळ मिनिटभर गेलेलं असतं. रात्रीचं एक मिनिट फार लांबतं. तेवढ्यात मन पुण्याच्या घराची कडी लावली का इथपासून नातवाला उद्या डब्यात काय द्यायचं इथपर्यंत जाऊन येतं आणि मघाचा आवाज कुठून आला होता हे पार पुसलं जातं. आधी तो मला खिडकीबाहेर वाटला. मग कपाटात. एकदा तर अगदी उशाशी. उजाडून घर जागं झालं की तो ऐकू येईनासा होई आणि दिवसभर त्याचा मागमूस नसे.

“आई, स्मोक डिटेक्टरची बॅटरी उतरली असेल,” लेक म्हणाली. मी तोवर ह्या वस्तूकडे नीट पाहिलं नव्हतं. झोपायच्या प्रत्येक खोलीत, खोल्यांबाहेरच्या बोळात, प्रत्येक मजल्यावर छताला एक पांढरी चकती. इथली घरं लाकडाच्या सांगाड्यावर उभी राहतात, वरून ड्रायवॉलचे पातळ तक्ते. आगीची धास्ती जणू नकाशातच आखलेली. बॅटरी संपत आली की ही चकती आपण होऊन 30 ते 60 सेकंदांनी एकदा बोलते आणि ते बहुतेक पहाटेच. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, विजेचा दाब थोडा घसरतो. पहाटे घर सगळ्यात गार असतं, तेव्हा तो ठरलेल्या रेषेच्या खाली जातो. दिवस चढला की पुन्हा वर येतो आणि चकती गप्प होते. जावयांनी शिडी आणली, वरच्या मजल्यावरच्या साऱ्या बॅटऱ्या बदलल्या.

रात्री पुन्हा टीं.

मग शोध सुरू झाला. मी आणि आठ वर्षांचा नातू, शनिवारच्या पहाटे, पायात मोजे घालून. चालत चालत हा आवाज सापडत नाही हे आम्हाला लवकरच कळलं. आपल्या पावलांचा, कपड्यांचा, श्वासाचासुद्धा आवाज आड येतो. एका जागी उभं राहायचं आणि वाट पाहायची. तो जिन्याच्या वर, मी जिन्याच्या खाली. टीं. तो वरून बोट दाखवी खाली, मी खालून दाखवी वर. जागा बदलून पाहिल्या, तरी बोटं उलटीच. स्वयंपाकघरात मला तो ओव्हनच्या मागे वाटे, त्याला फ्रिजवर. वायफायचा डबा, थर्मोस्टॅट, त्याचं एक जुनं खेळणं, सगळ्यांना कान लावून झाले. दोन माणसं काही न बोलता, एकमेकांकडे बघत, एका मिनिटानं येणाऱ्या आवाजासाठी थांबलेली. इतका वेळ आम्ही दोघं बोलल्याशिवाय एकत्र कधीच नव्हतो. तो व्हिडिओवरच्या भेटींत मोठा झालेला मुलगा आहे. व्हिडिओवर गप्प बसता येत नाही. कोणी गप्प झालं की दुसरा विचारतो, नेटवर्क गेलं का?

माणसाला एरवी आवाजाची दिशा किती पटकन कळते. भाजीवाल्याची हाक आली की आपण बरोबर त्याच खिडकीशी जातो. मग हा एवढासा सूर का सापडू नये? हे कोडं जुनं आहे. इंग्लंडमधले लॉर्ड रॅले, ज्यांना 1904 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हिरवळीवर डोळे मिटून उभे राहत आणि भोवती माणसांना उभं करत. कोणी बोललं की दिशा अचूक कळे. पण ट्यूनिंग फोर्कचा शुद्ध सूर आला की तो समोरून की मागून हे सांगता येईना. 1907 साली त्यांनी मांडलं की खालचे सूर आपण दोन कानांमधल्या वेळेच्या फरकानं ओळखतो. आवाज एका कानाशी किंचित आधी पोचतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळानं. वरच्या सुरांना डोकंच आडवं येतं, पलीकडच्या कानावर त्याची सावली पडते, आणि त्या फरकावरून दिशा कळते. पुढे 1936 साली हार्वर्डमध्ये स्टीव्हन्स आणि न्यूमन ह्या दोघांनी इमारतीच्या गच्चीवर एक उंच खुर्ची उभारली, भिंतींचे प्रतिध्वनी येऊ नयेत म्हणून. तिच्यावर ऐकणाऱ्याला बसवून त्यांनी वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवले. माणूस सगळ्यात जास्त चुकला तो 3000 हर्ट्झच्या आसपास. वेळेच्या फरकासाठी तो सूर फार बारीक, सावलीसाठी पुरेसा बारीक नाही. छतावरच्या चकतीचा आवाज नेमका तिथलाच असतो. त्यातून तो एकच सूर. वर की खाली हे आपल्याला कानाच्या पाळीच्या वळ्यांवरून कळतं. त्या वळ्या आवाजातल्या निरनिराळ्या सुरांना निरनिराळ्या तऱ्हेनं वळवतात. एकाच सुरात वळवायला काही नसतंच. म्हणून वरून तो म्हणतो खाली, खालून मी म्हणते वर.

हे वाचल्यावर मला रातकिड्याची आठवण झाली. कृष्णाकाठच्या माझ्या माहेरी पाऊस लागला की माजघरात कुठेतरी एक रातकिडा येऊन राही. तोही असाच न सापडणारा. कंदील घेऊन जवळ गेलं की गप्प. मागे फिरलं की सुरू. नर रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासतो आणि त्याचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली. जमिनीचा थरथराट त्याला आपल्याआधी कळतो. उकाडा वाढला की तो भरभर बोलतो, गारव्यात सावकाश. 1897 साली डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं रातकिड्याच्या आवाजावरून हवेचं तापमान काढायचं सूत्रच लिहिलं. छतावरच्या चकतीचं उलटं. ती गारठ्यात बोलते. पण दोघांचा सूर बारीक, एकटा, आणि मालकाचा पत्ता न सांगणारा.

पक्ष्यांमध्ये तर हे मुद्दाम असतं. पीटर मार्लर ह्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकानं 1955 साली मांडलं की आकाशात शिकारी पक्षी दिसला की लहान पक्षी एक पातळ, लांबट, उंच शीळ घालतात. तिची दिशा कळणं अवघड. बाकीचे सावध होतात आणि शीळ घालणारा मात्र सापडत नाही. घुबड बसलेलं दिसलं तर तेच पक्षी खरखरीत, तुटक आवाज काढतात, ज्याचा ठिकाणा लगेच लागतो, कारण तेव्हा सगळ्यांना तिथे बोलवायचं असतं. धोक्याचे हे दोन आवाज मला फार मोलाचे वाटतात. एक म्हणतो लपा, दुसरा म्हणतो इकडे या. आपल्या छताला लावलेल्या यंत्राला म्हणायचं असतं ‘इकडे या, माझ्याकडे बघा’, आणि गळा मिळालाय लपून शीळ घालणाऱ्या पाखराचा.

माहेरी धुराला कोणी घाबरत नसे. संध्याकाळी कौलांतून धूर निघाला की त्या घरात माणसं आहेत, जेवण होतंय, एवढंच कळे. आईचे डोळे मात्र त्या धुरानंच गेले असं मी मानते. इकडे लेकीच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडली की कोणीतरी टॉवेल घेऊन चकतीखाली उभं राहतं, हवा हलवायला. ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात ही एक नेमणूक आहे. कोणी म्हणतं काढून ठेवा ती बॅटरी फोडणीपुरती. लेक ऐकत नाही. ऐकू नये. ह्या चकतीची सुरुवातही म्हणे धुरातूनच झाली. स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं उपकरण बनवत होते; वायूनं काटा हलेना, म्हणून त्यांनी सिगरेट पेटवली आणि तिच्या धुरानं काटा हलला, असं सांगतात. आणि लेक राहते त्या गावाचा तर आगीच्या गजराशी थेट धागा आहे. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. 1954 साली गावानं त्याचं नाव घेतलं. तिथे त्याचा गणिती होता फ्रान्सिस अप्टन. त्यानं पुढे 1890 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर विजेवर चालणाऱ्या आगीच्या गजराचं पेटंट मिळवलं.

आमच्या शोधात हे, म्हणजे नातवाचे आबा, नव्हते. ह्यांना मी उठवलंच नव्हतं. माणूस दिवसभर नातवाला फिरवतो, रात्री त्याला झोप हवी. पण त्या शनिवारी ते पाणी प्यायला उठले आणि आम्हा दोघांना अंधारात बोळात उभं पाहून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, अहो, तो आवाज. कोणता? थांबा, आत्ता येईल. आम्ही तिघं उभे राहिलो. टीं. नातवानं बोट वर केलं, मीही केलं. ह्यांनी आमच्या बोटांकडे पाहिलं. “आला?” म्हणाले. पुन्हा थांबलो. पुन्हा आम्ही दोघांनी बोटं वर केली. ह्या वेळी ते काही बोलले नाहीत. नातू म्हणाला, “आबा, तुम्ही लक्ष देऊन ऐका ना.” त्यांनी डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकलं. ती मान मी अनेक वर्षं पाहत आले आहे. फोनवर बोलताना, बँकेच्या खिडकीशी, मी स्वयंपाकघरातून काही विचारते तेव्हा. मला ती त्यांची ढब वाटत होती.

ह्यांची नोकरी भोसरीला, प्रेस शॉपमध्ये. पत्र्यावर साचा आदळतो, दिवसभर, शेकडो वेळा. कानात घालायचे बोळे होते, पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि प्रेसवर शेजारच्याची हाक ऐकू येणं म्हणजे बोटं शाबूत राहणं, असं ते सांगत. असल्या आवाजात वर्षं काढलेल्या कानांचा आलेख काढला तर त्यात एका ठिकाणी खड्डा पडलेला दिसतो. आवाज यंत्राचा असो की दगड फोडण्याचा, खड्डा बहुतेक पडतो तो 4000 हर्ट्झच्या आसपास, 3000 ते 6000 च्या पट्ट्यात. बोलणं साधारण कळतं, फक्त ‘स’, ‘श’ अशी अक्षरं बोथट होतात. माणसाला वाटतं, समोरचा पुटपुटतोय. घरच्यांना वाटतं, ह्यांचं लक्ष नाही. मी कितीदा ‘लक्ष कुठे असतं तुमचं’ म्हटलं असेल! त्यांनी कधी उत्तर दिलं नाही, आणि ते गप्प बसणं मला रागाचं वाटायचं.

त्या बोळात ते भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, जाऊन झोपतील. पण ते म्हणाले, “तुम्ही ऐका, मी शोधतो.” आणि खरोखरच मग शोध वेगळा झाला. आम्ही दोघं कान आणि ते डोकं. त्यांनी नातवाला विचारलं, कुठे मोठा येतो, कुठे लहान. त्यानं पळत जाऊन सांगितलं, सगळीकडे सारखाच. “सगळीकडे सारखा म्हणजे सगळीकडे जाणारं काहीतरी त्याला आणतंय,” ते म्हणाले. मग ते वाकले आणि जमिनीतल्या जाळीवर हात ठेवला. गरम हवेची जाळी. ती प्रत्येक खोलीत आहे. तिच्याखालून पत्र्याच्या नळ्या जातात, त्या सगळ्या खाली तळघरातल्या फर्नेसपाशी एकत्र येतात. नातू पालथा पडून जाळीला कान लावून राहिला. फर्नेसचा पंखा त्या वेळी बंद होता. टीं. त्याचा चेहरा उजळला, “आबा, इथे मोठा आहे!”

तळघरात जाताना त्यानं ह्यांचा हात धरला होता. फर्नेसच्या मागे, छताच्या तुळ्यांमध्ये, खोक्यांच्या आड एक चकती होती, पिवळी पडलेली. आधीच्या मालकानं कधीतरी लावलेली. लेकीला ती तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं. जावयांनी नवी बॅटरी घातली तरी तिचं टीं चालूच राहिलं. मागची तारीख पाहिली तेव्हा कारण कळलं. ह्या यंत्रांचं आयुष्य 10 वर्षांचं धरतात; नंतर आतला भाग धूर नीट ओळखेल ह्याचा भरवसा नसतो, म्हणून काही यंत्रं बॅटरी भरलेली असली तरी बोलत राहतात. त्या चकतीत अमेरिशियम नावाच्या धातूचा एक कण आहे, ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाहूनही हलका. त्याच्या किरणांनी आतली हवा भारित होते आणि तिच्यातून वीज सतत अगदी थोडी वाहत राहते. धूर शिरला की ती कमी होते आणि गजर होतो. हा धातू सापडल्याची बातमी ग्लेन सीबोर्ग ह्यांनी नोव्हेंबर 1945 मध्ये, अधिकृतपणे जाहीर व्हायच्या आधीच, रेडिओवरच्या एका मुलांच्या कार्यक्रमात सांगून टाकली, कारण एका मुलानं विचारलं की नवीन काही मूलद्रव्य सापडलंय का? नातवाला ही गोष्ट इतकी आवडली की ती त्यानं जेवताना सगळ्यांना पुन्हा सांगितली. त्या कणाचं तेज अर्ध्यावर यायला 432 वर्षं लागतात. चकती संपली, तो कण अजून तरुण आहे.

मला मात्र आमच्या कॉलनीतला गुरखा आठवत होता. रात्री तो रस्त्यावर काठी आपटत जाई. ती टकटक ऐकली की आम्ही कूस बदलून झोपत असू. एखाद्या रात्री ती आली नाही तर मी उठून खिडकीशी जाई. त्याचा आवाज म्हणजे सगळं ठीक आणि त्याचं गप्प होणं म्हणजे काळजी. छतावरचा हा राखणदार ठीक असताना वर्षानुवर्षं गप्प बसतो. आणि आपल्याच्यानं आता होणार नाही हे तो पुष्कळ आधीपासून, ठरावीक अंतरानं, कंटाळा न करता सांगत राहतो. ह्यांच्या कानांनी असं काही सांगितलं नाही. एकेक सूर निघून गेला आणि घरात कोणालाच, त्यांनाही, त्याचं जाणं कळलं नाही.

लेकीनं त्याच दिवशी सगळ्या चकत्यांवरची चाचणीची बटणं दाबून पाहिली. खरा गजर फार मोठा असतो, तीन-तीनच्या ठेक्यात. ह्यांना तो ऐकू आला. पण जागेपणी, उभं राहून. लेक म्हणाली, “बाबा, झोपेत? उशीत एक कान दाबलेला असताना?” ह्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ऐकू कमी येणाऱ्यांना झोपेतून उठवायला 520 हर्ट्झचा खालचा, जाडसर आवाज जास्त उपयोगी पडतो असं अभ्यासांत दिसून आलं आहे आणि तसे गजर मिळतातही. हा आकडा ऐकून मी चमकले. डासाच्या मादीच्या पंखांचा आवाज साधारण 400 ते 600 च्या घरात असतो. आणि आमच्याकडे रात्री डास आला की आधी हेच उठतात. मला त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हापासून आजोबा-नातवाचा एक उद्योग चालू आहे. नातवानं वहीत दोन रकाने आखले आहेत. कुकरची शिट्टी: येते. दारावरची घंटा: येते. मायक्रोवेव्हची टींटीं: नाही. आजीच्या बांगड्या: ह्यावर ते बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले, पूर्वी यायच्या. नातवानं लिहिलं, ‘पूर्वी’. मग ह्यांनीच विचारलं, आपल्या बाल्कनीसमोरच्या आंब्यावर चैत्रात दयाळ गातो, त्याचं काय? त्याचे खालचे सूर ऐकू येत असतील, वरचे नसतील. पण कुठले येतात, कुठले नाहीत, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? मी म्हटलं, मी शेजारी बसेन आणि तो वर गेला की तुमच्या हातावर बोट ठेवीन. लेक म्हणाली, त्याच्या आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, आई, तू नेच त्यांना. हे म्हणाले, जाऊ, दोन्ही करू. नातवानं विचारलं, दयाळ कसा दिसतो? ह्यांनी त्याच्या वहीत पेन्सिलनं एक काळा-पांढरा, शेपटी उभारलेला पक्षी काढायला घेतला आणि चोचीपाशी आल्यावर मला विचारलं, गाताना तो मान कुठल्या बाजूला करतो ग?